बॅरिटोन पाहिजे

जुनी बॅरिटोन कॉन्सर्टिना विकत घ्यायची आहे, असं यॉर्कशरमध्ये कुणालाही सांगा. समोरचा माणूस हटकून आपल्या आजोबांच्या अकॉर्डियनची गोष्ट सुरू करतो. ती मधे तोडायची नसते, कारण क्वचित एखाद्या आजोबांचं अकॉर्डियन कॉन्सर्टिना निघतं आणि ते कुणाच्या आजोबांचं, हे आधी कळायला मार्ग नसतो. म्हणून खाणीतला अपघात, दोन लग्नं, ब्लॅकपूलची सहल असं सगळं ऐकून घ्यायचं आणि शेवटी विचारायचं, "बटणं होती की पियानोसारख्या पट्ट्या?" पट्ट्या होत्या म्हटलं की चहा संपवून उठायचं.

घरच्यांची तऱ्हा वेगळी. सांगलीला आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "पेटीच हवी ना तुला? मग आपली काय वाईट आहे? माळ्यावर आहे अजून. उंदरांनी भाता तेवढा खाल्लाय."

आईचं अगदीच चुकलं असं नाही. पेटी आणि कॉन्सर्टिना एकाच गोत्राच्या. दोन्हींत धातूच्या बारीक जिभा असतात आणि वारा लागला की त्या थरथरून सूर काढतात. पेटीत एका हाताने भाता मारायचा नि दुसऱ्याने वाजवायचं, अशी कामाची वाटणी असते. कॉन्सर्टिनात दोन्ही हातांना दोन्ही कामं. षटकोनी लाकडी डबी, मधे चामड्याचा भाता, दोन्ही टोकांना बारकी बटणं. त्यातही मी वाजवतो त्या इंग्लिश पद्धतीच्या कॉन्सर्टिनाचा खाक्या असा, की सा डाव्या हाताला, रे उजव्या, ग पुन्हा डाव्या, म उजव्या. असं करत वरचा सा उजव्या हाताला येतो, म्हणजे सप्तक बदललं की सगळ्या सुरांनी घरं बदललेली असतात. हे ज्याने रचलं त्याला माणसाच्या हातांबद्दल काय वाटत असावं, असा प्रश्न पडतो.

ज्याने रचलं त्याला आपण ओळखतो. सर चार्ल्स व्हीटस्टन. बारावीच्या प्रॅक्टिकलला मीटर ब्रिजच्या तारेवर जॉकी सरकवत, गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर येईना म्हणून ज्याच्या नावाने आपण शंख केला, तोच हा. खरं तर व्हीटस्टन ब्रिज त्याचा नव्हेच. सॅम्युएल हंटर क्रिस्टीने १८३३ साली तो मांडला, व्हीटस्टनने १८४३ साली तो लोकांपुढे आणला आणि क्रिस्टीचं श्रेय कबूलही केलं, पण पाठ्यपुस्तकांनी ऐकलं नाही. माणूस इतका लाजाळू, की त्याच्या संशोधनावरची व्याख्यानं मायकेल फॅरडेने दिली. घराणं वाद्यं विकणाऱ्यांचं. मग याने तारायंत्र, स्टिरिओस्कोप, गुप्त लिपी आणि कॉन्सर्टिना असा सगळा संसार मांडला. कॉन्सर्टिनाचं पेटंट १८४४ सालचं. तिने फावल्या वेळात खरंच एक पंतप्रधान रमवला. आर्थर बाल्फोर तरुणपणी मोठ्या हौसेने कॉन्सर्टिना वाजवत. पुढे ते पंतप्रधान झाले. या दोन गोष्टींचा संबंध नसावा.

आता बॅरिटोनच का? माझ्याकडे ट्रेबल आहे, लाशनाल कंपनीची, अठ्ठेचाळीस बटणांची. कॉन्सर्टिना म्हणून बाजारात जे दिसतं ते बहुधा हेच. तिचा सगळ्यात खालचा सूर व्हायोलिनच्या सगळ्यात जाड तारेएवढा. आमच्या गावात मराठी घरं मोजकी, पण गणपती बसतो आणि आरतीला पेटी नसल्यामुळे माझी ट्रेबल बसते. पुरुषमंडळी आपल्या नेहमीच्या पट्टीत आरती धरतात आणि ट्रेबल त्यांच्या डोक्यावरून चिवचिवत राहते. खाली उतरावं म्हटलं, तर तिची बटणं संपतात. बायको एकदा म्हणाली, "अरे, गणपतीचे कान मोठे आहेत. जरा जपून."

बॅरिटोन म्हणजे तीच बटणं, तीच बोटं, फक्त सगळं एक सप्तक खाली. पेटी घेताना आपल्याकडे जाणकार विचारतात, "खर्ज आहे का?" तो खर्ज म्हणजे काय, हे बॅरिटोनचा खालचा सूर दाबला की कळतं. हा सूर लगेच येत नाही. जीभ लांब, तिच्या टोकाला वजन वाढवलेलं, त्यामुळे ती आधी जागी होते, मग बोलते. एकदा बोलली की मात्र गाणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवल्याचं सुख देते. जुलिओ रेगोंदी नावाचा एकोणिसाव्या शतकातला गिटारचा बालचमत्कार मोठेपणी कॉन्सर्टिनाचाही उस्ताद झाला. बॅरिटोन वाजवून त्याने लोकांना चकित केलं आणि तिच्यासाठी रचनाही लिहिल्या. या कलेत त्याच्यानंतर मी, असं माझं म्हणणं नाही. वाद्य मिळेपर्यंत तरी नाही.

मिळत नाही, याला कारणं आहेत. व्हिक्टोरियन काळात ट्रेबल वाड्यांतल्या बायकांनी घेतली, पुढे गिरणीकामगारांनी घेतली, साल्व्हेशन आर्मीने चौकाचौकांत वाजवली. मागणी तिलाच होती, म्हणून बनली तीच. बॅरिटोन लागायची ती कॉन्सर्टिना बँडला. यॉर्कशर आणि लँकशरमध्ये असे बँड होते. गावातले खाणकामगार आणि गिरणीवाले कॉन्सर्टिना घेऊन ओळीने बसायचे, वरचे सूर ट्रेबलवर, मधले टेनरवर, खालचे बॅरिटोन नि बासवर, आणि पितळी बँडचं संगीत त्यातून काढायचे. हेकमंडवाइकला होता, मेक्सबरोला होता. मेक्सबरोच्या बँडचा क्लब मागे उरला आणि त्याच्या तळघरात पुढे बिअर बनू लागली. ब्रुअरीचं नावही कॉन्सर्टिना. वाद्याचं काय झालं हे विचारायला गेलात, तर पेला हातात येतो.

म्हणजे माल मुळात थोडा, त्यातला निम्मा जिन्याखालच्या कपाटात आणि उरलेला ज्याच्याकडे आहे तो सोडायला तयार नाही. तरी अधूनमधून एखादी जाहिरात येते. लिलाववाल्यांच्या यादीत ती "षटकोनी अकॉर्डियन, पेटीसह" अशी असते. फोटोवरून पहिलं पाहायचं ते बटणांच्या रांगा. दर बाजूला चार रांगा आणि अंगठ्याला चामड्याची अंगठी असेल, तर इंग्लिश. हात अडकवायला आडवा पट्टा असेल, तर अँग्लो. ती बाहेर ओढताना वेगळा सूर देते आणि आत दाबताना वेगळा. ते वेड निराळं आहे, त्यांचे लोक निराळे. पट्टा आहे पण बटणं खच्चून भरली आहेत, तर ड्युएट. त्यात मॅकन, क्रेन अशी घराणी आहेत आणि ती एकमेकांच्या पंक्तीला बसत नाहीत.

इंग्लिश आहे इथपर्यंत फोटो नेतो. पुढे अडतं. ट्रेबल आणि बॅरिटोन फोटोत एकसारख्याच दिसतात, लहानमोठं कळतच नाही. जुन्या बटणांवर सुरांची अक्षरं कोरलेली असतात, ती दोन्हींवर सारखीच. रंगही तेच: साधे सूर पांढरे, काळ्या पट्टीचे सूर काळे आणि सगळे सी लाल. तेव्हा विकणाऱ्याला लिहावं लागतं की कृपया शेजारी पट्टी ठेवून फोटो पाठवा. एका सद्गृहस्थाने पट्टी मिळत नाही म्हणून शेजारी बीन्सचा डबा ठेवला. मी स्वयंपाकघरातून डबा आणून मोजला. व्यास साडेसात सेंटिमीटर. ट्रेबल सव्वासहा इंच, म्हणजे दोन डब्यांहून जराशी जास्त. बॅरिटोन सात-आठ इंच, म्हणजे जवळजवळ अडीच डबे. फोटोवर पारदर्शक पट्टी ठेवून मी मोजत बसलो होतो, तेव्हा बायकोने विचारलं, "किती डबे आली?" दोन आली. दोन म्हणजे ट्रेबल. ट्रेबल माझ्याकडे आहे.

जाहिरातींची भाषाही अंगवळणी पडते. "वाजते" म्हणजे एक सूर लागतो. "सगळे सूर वाजतात" म्हणजे सगळे एकदम वाजतात, कारण आतल्या गाद्या कसरीने खाल्ल्यात. "किरकोळ डागडुजी लागेल" असं वाचलं की पाकीट खिशात ठेवून पुढची जाहिरात बघावी.

नशिबाने खरी बॅरिटोन समोर आली, तर लंडनचं हॉर्निमन म्युझियम कामाला येतं. फॉरेस्ट हिलला चहाच्या व्यापाऱ्याने उभं केलेलं हे संग्रहालय. तिथे एक पेंढा भरलेला वॉलरस आहे. भरणाऱ्याने जिवंत वॉलरस कधी पाहिलेला नव्हता. सुरकुत्या असतात हे त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून त्याने अंग गुळगुळीत होईस्तोवर भुसा कोंबला. लोक त्याला बघायला जातात. माझ्यासारखे जातात ते व्हीटस्टन कंपनीच्या वह्यांसाठी. १९९६ साली म्युझियमने शेकडो कॉन्सर्टिनांचा एक खासगी संग्रह घेतला आणि त्याबरोबर या वह्याही आल्या. वाद्याच्या टोकाला जाळीत एक लांबट गोल खिडकी असते, तिच्यातून नंबर दिसतो. तो वहीत शोधला की तारीख सापडते, जुन्या वह्यांत गिऱ्हाइकाचं नावही. कुणी लेडी, कुणी कर्नल, कुणी मास्तरीण. वाचताना वेळ कसा जातो कळत नाही आणि आपण नुसता नंबर बघायला आलो होतो हे विसरायला होतं. लाशनालच्या वह्या उरल्याच नाहीत. लुई लाशनाल स्विस, आधी व्हीटस्टनकडेच होता, मग वेगळा झाला आणि त्याने स्वस्त कॉन्सर्टिनांचा पाऊस पाडला. त्याच्या वाद्याचं वय सांगायचं तर अंदाजपंचे, आणि प्रत्येक जाणकाराचा अंदाज त्याच्या स्वतःच्या कॉन्सर्टिनाला अनुकूल असतो.

वाद्य सापडणं हा सोपा भाग. अवघड भाग मालकाचा.

व्हिटबीला एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांच्याकडे व्हीटस्टनची एओला होती, अष्टकोनी, बॅरिटोन, काळ्या लाकडाची. "विकायचा विचार आहे" असं त्यांनी पत्रात लिहिलं होतं. पोचलो तर वाद्य कुठे दिसेना. आधी चहा आला, मग प्रश्न आले. घरात सेंट्रल हीटिंग आहे का? आहे. किती अंशांवर ठेवता? कोरड्या हवेने आतलं लाकूड आकसतं, सुरांच्या खोल्यांना चिरा जातात, हे मला ठाऊक होतं, म्हणून मी खऱ्यापेक्षा दोन अंश कमी सांगितलं. मांजर आहे का? नाही. मुलं? आहेत. किती मोठी? वाद्य कशात ठेवाल? उभं की आडवं? आडवं म्हटल्यावर बाईंचा चेहरा जरा सैल झाला. उभं ठेवलं तर आतल्या चामड्याच्या झडपा लोंबतात. मग विचारलं, "वाजवणार काय?" मी आरतीचं सांगितलं. देवाचं आहे म्हटल्यावर त्यांनी आतून पेटी आणली.

मी वाजवली. खालचा जी लावला आणि कपाटातल्या बशा किणकिणल्या. आरती संपली तेव्हा बाई म्हणाल्या, "पुन्हा एकदा." पुन्हा वाजवली. मग म्हणाल्या, "आता ती शेवटची, लांबलचक." ती लांबलचक म्हणजे घालीन लोटांगण. तीही झाली. बाईंनी वाद्य हलक्या हाताने माझ्याकडून घेतलं, भाता दाबून मिटला, पेटीत आडवं ठेवलं, कडी लावली आणि म्हणाल्या, "बरं वाटलं. फार दिवसांत कुणी वाजवली नव्हती."

मी किंमत विचारली.

"मी विकायचा विचार आहे असं लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "विचार मी १९८७ पासून करतेय."

मला राग आला नाही, असं मी बायकोला सांगितलं. परतीच्या रस्त्यावर माळरानाच्या मधोमध गाडी थांबवून मी काय बोललो, ते मेंढ्यांना कळलं नसावं, कारण मराठीत होतं.

या मंडळींना पैशाने जिंकता येत नाही. चांगल्या बॅरिटोनला हजारो पौंड पडतात, तेवढे मोजायची तयारी दाखवली की उलट संशय येतो. एकच गोष्ट त्यांना हलवते, ती म्हणजे दुसरी कॉन्सर्टिना. म्हणून मी अदलाबदलीला निघालो. आपल्याकडे पूर्वी लग्नांत साटंलोटं चालायचं, तशातला हा प्रकार. शेफील्डच्या एकाकडे बॅरिटोन होती, पण त्याला हवी क्रेन ड्युएट. बाथच्या एका बाईंकडे क्रेन होती, त्यांना हवी जेफ्रीजची अँग्लो. जेफ्रीज म्हटली की आयर्लंड. तिथल्या क्लेअर परगण्यातले वादक जेफ्रीजवर जीव टाकतात, तर तिथल्याच एका गृहस्थाकडे दोन निघाल्या. एक सोडायला तो राजी होता, बदल्यात लाशनालची बारा कोनांची एडिओफोन मिळाली तर. एडिओफोन सापडली स्कॉटलंडमध्ये. सगळ्यांना पत्रं लिहिली, फोटो मागवले, एकमेकांच्या शंका एकमेकांना कळवल्या, वर कुणी किती रोख घालायची ते ठरवून दिलं. हिवाळा त्यात गेला. शेवटी स्कॉटलंडच्या गृहस्थांना विचारलं, एडिओफोनच्या बदल्यात तुम्हाला काय हवं?

त्यांना बॅरिटोन हवी होती.

हे कळल्यावर साखळी आपोआप गोल झाली. चौघांकडे चौघांना हवं ते होतं. माझी ट्रेबल कुणालाच नको होती. व्यवहार झाला. बॅरिटोन आता स्कॉटलंडमध्ये सुखात आहे. चौघांनीही मला नाताळची कार्डं पाठवली.

मधे एक हाती लागतही होती. पण तिची बटणं पांढरी, आणि पांढरी म्हणजे हाडाची की हस्तिदंताची, हा प्रश्न आला. ब्रिटनमध्ये हस्तिदंताचा कायदा जून २०२२ पासून लागू झाला. १९७५ पूर्वीच्या वाद्यात हस्तिदंत वीस टक्क्यांहून कमी असेल, तर विकायला सूट आहे, पण सरकारकडे फी भरून नोंद करावी लागते. हाडावर भिंगातून काळे ठिपके दिसतात, हस्तिदंतावर एकमेकींना छेदणाऱ्या रेघांची जाळी दिसते. मालक आणि मी मिळून भिंग घेऊन बसलो. त्याला रेघा दिसल्या, मला ठिपके दिसले. एवढं होऊन वाद्य वाजवून पाहिलं, तर ते जुन्या पट्टीचं. पूर्वी इंग्लंडात ए चा सूर ४५२ कंपनांवर लावत, आता ४४० वर. म्हणजे अर्ध्या स्वराच्याही निम्म्याएवढा फरक. आजच्या कुठल्याच वाद्याबरोबर ते बसणार नाही. खाली उतरवायचं तर प्रत्येक जीभ मुळाशी कानसायची. दर बटणाला दोन जिभा, एक आत दाबतानाची, एक बाहेर ओढतानाची. अठ्ठेचाळीस बटणांच्या शहाण्णव जिभा. दुरुस्ती करणारे कारागीर म्हणाले, "जमेल. पण कानसलेलं पितळ परत येत नाही." त्यांच्याकडे रांग इतकी होती, की माझा नंबर लागेपर्यंत पट्टी पुन्हा बदलली असती. नको म्हटलं.

शहाण्या माणसाने नवी घ्यावी. अकॉर्डियनच्या जिभा बसवून आज बॅरिटोन बनतात. हवा गळत नाही, आजच्या पट्टीत असतात, हस्तिदंताची भानगड नाही आणि कुणी तुमच्या घराचं तापमान विचारत नाही. मी एक वाजवून पाहिली. उत्तम आहे, ज्याला आरती वाजवायची त्याने डोळे मिटून घ्यावी. पण जुन्या वाद्यातला तो खालचा जी जागा होताना जरा अडखळतो, पंचमाला लागल्यावर थोडा घोगरतो, ते तिच्यात नाही. हा माझा हट्ट आहे आणि हट्टाला औषध नसतं, असं आई म्हणते. माळ्यावरच्या पेटीचा विषय ती अजून सोडत नाही.

तेव्हा वाचकहो, विलायतेत असा वा कुठेही, आणि तुमच्या घरात, सासरच्या अडगळीत किंवा घरमालकाच्या जिन्याखाली सहा कोनांची चामड्याची पेटी दिसली, तर एवढं करा. आतलं वाद्य ओढून पाहू नका, वाळलेला भाता फाटतो. तेल घालू नका. बटणांच्या रांगा मोजा, खिडकीतला नंबर उतरवून घ्या आणि शेजारी बीन्सचा डबा ठेवून फोटो काढा. अडीच डबे भरली तर मला संपादकांच्या पत्त्यावर कळवा. बदल्यात लाशनालची ट्रेबल देईन, सुस्थितीतली, वर रोख. घरात मांजर नाही. वाद्य आडवंच ठेवीन.